आवरण आणि अंतरंग

वक्षाचा आकार वाढविण्यासाठी शस्त्रक्रिया करून घेऊ इच्छिणारी स्त्री शस्त्रवैद्यापुढे येऊन बसते, तेव्हा तिचे पहिले प्रश्न बहुधा रूपाविषयी असतात. आकार किती वाढेल, व्रण दिसेल काय, किती दिवसांनी कामावर जाता येईल, असे ते प्रश्न. ते स्वाभाविकच आहेत. परंतु जी वस्तू शरीरात ठेवायची ती कशाची बनलेली आहे, ती फुटली तर कळणार कसे, आणि दहा वर्षांनंतर तिची विचारपूस कोण करणार, हे प्रश्न मागाहून सुचतात. कित्येकदा सुचतच नाहीत. ह्या कृत्रिम पिशव्यांचे, ज्यांना आता सर्वत्र इम्प्लांट म्हणतात त्यांचे, अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येकाचे गुणगान करणारे कोणी ना कोणी आहे. त्यांची तुलना करायची तर ह्या मागल्या प्रश्नांपासून आरंभ केलेला बरा.

हा विषय चारचौघांत बोलण्याजोगा आहे काय, अशी शंका काही श्रोत्यांना येईल. ही नट्यांची आणि धनिकांची हौस आहे, असा एक समज आहे. पण हीच पिशवी कर्करोगामुळे स्तन काढून टाकावा लागलेल्या स्त्रीच्या छातीतही बसविली जाते, आणि ज्या कारखान्यात एकीची तयार होते त्याच कारखान्यात दुसरीचीही होते. हौसेने घेतलेली असो वा दुःखाने, पिशवी फुटायची ती सारखीच फुटते. तेव्हा कोणाची गरज खरी आणि कोणाची खोटी ह्या वादात न शिरता वस्तूकडे पाहणे अधिक उपयोगाचे.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. सामान्य बोलण्यात 'सिलिकोनचे' आणि 'पाण्याचे' असे दोन प्रकार सांगितले जातात, आणि ज्या स्त्रीला सिलिकोनची धास्ती वाटते ती पाण्याच्या पिशवीने निर्धास्त होते. वास्तविक दोहोंचे आवरण एकच, सिलिकोनच्या रबराचे. भेद आहे तो अंतरंगाचा. एकीत सिलिकोनचा दाटसर गीर असतो, दुसरीत मिठाचे निर्जंतुक पाणी. रुग्णालयात शिरेतून चढवितात तेच सलाइन. ह्याखेरीज आवरण गुळगुळीत की खरखरीत, आणि आकार गोल की थेंबासारखा, असे आणखी दोन भेद आहेत. सारे प्रकार ह्या तीन भेदांच्या जुळणीतून निर्माण होतात. पिशवी छातीच्या स्नायूच्या वर ठेवावी की खाली, हा प्रश्न शस्त्रक्रियेचा आहे, वस्तूचा नव्हे. त्याचा उल्लेख पुढे गरजेपुरता येईल.

ही पिशवी निघाली कशी, हे ठाऊक असल्यावाचून आजचे प्रकार नीट उमगत नाहीत. स्तनाचा गमावलेला आकार भरून काढण्याचा पहिला नोंदलेला प्रयत्न १८९५ सालचा. हायडेलबर्ग येथील शस्त्रवैद्य व्हिन्सेन्झ चेर्नी ह्यांनी एका गायिकेच्या स्तनातील गाठ काढल्यावर पडलेली पोकळी तिच्याच शरीरावरील चरबीच्या एका निरुपद्रवी गाठीने भरली. युक्ती साधी आणि समंजस होती. त्यानंतरची सहा दशके मात्र समंजसपणाची नाहीत. कोणी वितळविलेले पॅराफिन टोचले. त्याच्या कठीण गाठी झाल्या आणि जखमा चिघळल्या. १९५० नंतरच्या दशकात स्पंजाचे तुकडे बसविण्याची टूम निघाली. स्पंजात शरीराच्या पेशी शिरल्या, तो आक्रसला आणि दगडासारखा कठीण झाला. द्रवरूप सिलिकोन थेट टोचण्याचे प्रकार जपानात आणि पुढे अमेरिकेत झाले, त्यांचे परिणाम तर काही स्त्रियांच्या जिवावर बेतले. टोचलेला द्रव शरीरात वाट फुटेल तिकडे पसरतो. तो गोळा करून परत काढता येत नाही.

तेव्हा द्रवाला पिशवीत कोंडावे, ही कल्पना त्या काळाच्या मानाने मोठीच सुधारणा होती. ती अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी जन्मली. काचेच्या बाटल्यांऐवजी रक्त प्लॅस्टिकच्या पिशव्यांत साठवू लागले होते. अशी एक भरलेली पिशवी हातात दाबून पाहताना फ्रँक गेरो ह्या तरुण शस्त्रवैद्याला स्तनाच्या मऊपणाची आठवण झाली, असे सांगतात. त्याने आणि त्याचे वरिष्ठ थॉमस क्रोनिन ह्यांनी डाऊ कॉर्निंग ह्या कंपनीच्या साहाय्याने सिलिकोनची पिशवी घडविली, ती आधी एका कुत्रीच्या शरीरात ठेवून पाहिली, आणि १९६२ साली एका स्त्रीच्या छातीत बसविली. ती स्त्री सहा मुलांची आई होती आणि छातीवरचे गोंदण काढून घेण्यासाठी धर्मादाय रुग्णालयात आली होती. वक्ष वाढविण्याचा विचार तिच्या मनातही नव्हता. तिला आपले पुढे आलेले कान नीट करून हवे होते. डॉक्टरांनी विचारले, तेव्हा कानांचीही शस्त्रक्रिया करून मिळणार म्हणून ती तयार झाली. पन्नास वर्षांनंतरही त्या पिशव्या तिच्या शरीरात होत्या. परंतु एका स्त्रीला पन्नास वर्षे सोसले, ह्यावरून लाखो स्त्रियांविषयी काही सिद्ध होत नाही. आणि नेमके हेच पुढे विसरले गेले.

सिलिकोन म्हणजे काय, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. वाळूतील सिलिकॉन हे मूलद्रव्य आणि प्राणवायू ह्यांचे अणू एकाआड एक गुंफून त्याच्या साखळ्या बनतात. साखळ्या सुट्या आणि आखूड राहिल्या की तेल होते. एकमेकींना घट्ट बांधल्या की रबर होते. विरळ बांधल्या आणि त्या जाळ्यात तेल मुरू दिले की गीर होतो. म्हणजे तेल, गीर आणि रबर ही एकाच पदार्थाची तीन रूपे आहेत. उष्णतेने तो सहसा बिघडत नाही आणि शरीर त्याला विरघळवू शकत नाही. परंतु एक गोष्ट जन्मापासूनच त्याच्यासोबत आहे. गिरात मुरलेल्या तेलाचे सूक्ष्म कण रबराच्या आवरणातून हळूहळू झिरपतात. मातीचा माठ पाझरावा तसे हे पाझरणे असते, अर्थात प्रमाण पुष्कळच अल्प. पिशवी न फुटताही तेल बाहेर येते ते असे.

आरंभीच्या पिशव्या जाड आवरणाच्या, थेंबाच्या आकाराच्या आणि पाठीवर कापडाचे तुकडे चिकटविलेल्या होत्या. त्या हाताला कठीण लागत. १९७० नंतरच्या दशकात उत्पादकांनी आवरण पातळ केले व गीर सैल केला. स्पर्श मऊ झाला, आणि त्याबरोबर पिशव्या अधिक फुटू लागल्या, अधिक पाझरू लागल्या. म्हणून पुढच्या दशकात आवरणाला अनेक थर देऊन, त्यांत तेल अडविणारा एक थर घालून, गीरही जरा घट्ट केला गेला. मऊपणा आणि टिकाऊपणा ह्यांची ही रस्सीखेच त्या पिशवीच्या साऱ्या इतिहासात चाललेली दिसते.

कोणतीही परकी वस्तू शरीरात ठेवली की शरीर तिच्याभोवती तंतूंचे एक वेष्टन विणते. त्याला कोष म्हणू. हा कोष सर्वांनाच होतो आणि बहुतेकींच्या बाबतीत तो पातळ व निरुपद्रवी राहतो. काहींच्या बाबतीत मात्र तो आक्रसतो. मग आतली पिशवी दाबली जाऊन गोलसर व टणक होते, वक्ष वेडावाकडा दिसतो, प्रसंगी दुखतोही. पिशवी सलाइनची असो वा गिराची, ह्या कोषसंकोचामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रसंग पुष्कळ येतात. पिशवी स्नायूच्या खाली ठेवल्यास हा त्रास काहीसा कमी होतो. पण मग हात जोराने हलविताना वक्षही हलताना दिसतो, आणि शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस अधिक वेदनेचे जातात.

आता सलाइनच्या पिशवीकडे वळू. ती १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास फ्रान्समध्ये निघाली. तिची मुख्य सोय अशी की रिकामे आवरण गुंडाळी करून लहानशा छेदातून आत सारता येते, आणि मग झडपेतून हवे तितके पाणी भरता येते. दोन्ही बाजू मूळच्या असमान असतील तर टेबलावरच कमीअधिक भरून त्या सारख्या करता येतात. ती फुटली तर मिठाचे पाणी शरीर निमूटपणे शोषून घेते, आणि वक्ष थोड्याच दिवसांत बसतो. बिघाड आरशात दिसतो. त्यासाठी यंत्र लागत नाही की वैद्य लागत नाही. उणीव स्पर्शाची आहे. पाणी गिरासारखे एकसंध राहत नाही. आवरणाला सुरकुत्या पडतात, आणि कृश स्त्रीच्या त्वचेखाली त्या हाताला लागतात, डोळ्यांनाही दिसतात. वरून स्तनाचे मूळ ऊतक पुरेसे असेल तर हा दोष झाकला जातो. दुर्दैवाने ज्या स्त्रिया ही शस्त्रक्रिया मागतात त्यांच्यापैकी अनेकींजवळ तेच कमी असते.

गिराची पिशवी स्पर्शात सरस आहे, ह्याविषयी फारसे दुमत नाही. तिचा दोष ह्याच्या अगदी उलट आहे. ती फुटली तरी गीर बहुधा कोषातच राहतो, वक्ष पूर्वीसारखाच दिसतो, आणि स्त्रीला काही कळत नाही. ह्याला वैद्यक मूक फूट म्हणते. ती ओळखण्यासाठी एम.आर.आय. तपासणी लागते किंवा कसलेल्या हाताने केलेली सोनोग्राफी लागते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची २०२० सालची शिफारस अशी की शस्त्रक्रियेनंतर पाच ते सहा वर्षांनी पहिली तपासणी करावी, आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी करीत राहावी. लक्षणे नसतानाही करावी, हे महत्त्वाचे. म्हणजे गिराच्या पिशवीची किंमत शस्त्रक्रियेच्या देयकात संपत नाही. ती पुढली अनेक वर्षे तपासण्यांच्या रूपाने चालू राहते. हा हिशेब पहिल्या भेटीतच मांडला गेला पाहिजे. सलाइन स्वस्त की गीर स्वस्त, ह्या चर्चेत तो क्वचितच धरला जातो.

ह्या दोहोंच्या तुलनेत १९९२ हे वर्ष मोठे मानले जाते. १९६२ ते १९७६ ह्या चौदा वर्षांत अमेरिकेत शरीरात ठेवायच्या उपकरणांना विक्रीपूर्व संमतीची आवश्यकताच नव्हती. १९७६ साली कायदा झाला, पण बाजारात आधीपासून असलेल्या वस्तू तशाच राहू दिल्या गेल्या. पिशव्या निर्धोक असल्याचा पुरावा उत्पादकांकडून मागितला गेला तो तब्बल पंधरा वर्षांनी, आणि जो आला तो अपुरा ठरला. तेव्हा प्रशासनाचे प्रमुख डेव्हिड केसलर ह्यांनी १९९२च्या जानेवारीत गिराच्या पिशव्यांचा वापर थांबविण्यास सांगितले, आणि एप्रिलपासून त्या केवळ स्तनाच्या पुनर्रचनेसाठी, तेही संशोधनाच्या चौकटीत, मिळू लागल्या. सौंदर्यासाठी सलाइन तेवढे उरले. हजारो स्त्रियांनी दावे लावले. संधिवात आणि तत्सम विकार ह्या पिशव्यांमुळे जडले असे त्यांचे म्हणणे होते. डाऊ कॉर्निंगने १९९५ साली दिवाळखोरीचा अर्ज केला.

गंमत अशी की न्यायालयांत कोट्यवधी डॉलर्सचे निवाडे होत असताना मूळ प्रश्नाची मोजदाद अजून व्हावयाची होती. १९९४ साली मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी पिशव्या बसविलेल्या ७४९ स्त्रियांची तुलना त्याच परगण्यातील, पिशव्या नसलेल्या दुप्पट स्त्रियांशी केली. त्यांना ह्या विकारांचा संबंध आढळला नाही. १९९९ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने उपलब्ध पुराव्याची छाननी करून तोच निष्कर्ष काढला. पण त्याचबरोबर फुटणे, कोषसंकोच आणि पुनःपुन्हा कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रिया हे स्थानिक उपद्रव खरे व मोठे आहेत, हेही स्पष्ट केले. २००६ साली दोन कंपन्यांच्या गिराच्या पिशव्यांना पुन्हा संमती मिळाली. सौंदर्यासाठी गिराची पिशवी वयाच्या २२व्या वर्षानंतर, सलाइनची १८व्या वर्षानंतर, असा भेद तेव्हा ठरला. पुनर्रचनेला वयाची अट नाही. तथापि थकवा, सांधेदुखी, विस्मरण अशा तक्रारी सांगणाऱ्या स्त्रिया आजही पुष्कळ आहेत, आणि पिशव्या काढल्यावर बरे वाटले असे त्यांच्यातील अनेकजणी सांगतात. कारणाचा उलगडा झालेला नाही. उलगडा झाला नाही म्हणून त्या खोटे सांगतात असे मानणे मात्र शास्त्राला धरून नाही. २०२० सालच्या सूचनापत्रात ह्या तक्रारींचा उल्लेख चौकटीत छापण्यास अमेरिकन प्रशासनाने सांगितले.

सिलिकोनविषयी भीती पसरल्यावर तिसऱ्याच द्रव्याचा शोध सुरू झाला, आणि ती हकिकत उद्बोधक आहे. गीर व सलाइन दोन्ही क्ष-किरणांना अडवितात, त्यामुळे स्तनाच्या कर्करोगाची तपासणी करताना काही भाग झाकला जातो. १९९५ साली युरोपात 'ट्रायल्युसेंट' नावाची पिशवी आली. तिच्यात सोयाबीनचे तेल होते. क्ष-किरण आरपार जात, आणि फुटली तरी खाद्यतेलच ते, शरीर पचवील, असा युक्तिवाद होता. आता कोणत्याही गृहिणीला विचारले असते तर तिने सांगितले असते की बरणीतले तेल उघड्यावर उबेत ठेवले की खवट होते. शरीर तर बाराही महिने ३७ अंशांवर असते. आवरणातून निसटलेले तेल खवट झाले, त्यातून निघणाऱ्या द्रव्यांविषयी शंका उत्पन्न झाल्या, आणि १९९९च्या मार्चमध्ये ती पिशवी बाजारातून गेली. २००० साली ब्रिटनच्या वैद्यकीय उपकरण विभागाने ज्या स्त्रियांच्या शरीरात ती होती त्या सर्वांना ती काढून घेण्याचा, आणि तोवर गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला. एक दोष घालविण्यासाठी जे आणले त्याने दुसरा, अधिक वाईट दोष आणला.

खरखरीत आवरणाचीही कथा अशीच आहे. कोषसंकोच कमी व्हावा म्हणून १९८० नंतरच्या दशकात आवरणाचा पृष्ठभाग खडबडीत करण्यात आला. तंतूंना एका दिशेने रांग धरता येऊ नये, म्हणजे ते आवळले जाणार नाहीत, अशी कल्पना. उपाय बऱ्याच अंशी लागू पडला. त्यातूनच थेंबाच्या आकाराच्या, अतिघट्ट गिराच्या पिशव्या शक्य झाल्या. ह्या पिशव्या कापल्या तरी गीर ओघळत नाही, मिठाईच्या वडीसारखा जागच्या जागी राहतो. गोल पिशवी आत फिरली तरी बिघडत नाही. थेंब फिरला तर वक्ष आडवा दिसेल. तेव्हा त्याला खडबडीत पृष्ठभागाने जागी खिळवून ठेवणे भाग होते. अनेक वर्षे हा प्रकार सर्वांत प्रगत मानला जात होता.

१९९७ साली अशा रुग्णांतील एका दुर्मिळ लसिकाग्रंथीय कर्करोगाची पहिली हकिकत वैद्यकीय नियतकालिकात आली. तो स्तनाचा कर्करोग नव्हे. पिशवीभोवतीच्या कोषात व द्रवात उद्भवणारा, रोगप्रतिकारक पेशींचा तो कर्करोग आहे. शस्त्रक्रियेनंतर बहुधा अनेक वर्षांनी एका बाजूचा वक्ष अचानक सुजतो, आत पाणी साठते. ह्या लक्षणाकडे दुर्लक्ष न करणे हाच त्यावरील पहिला उपचार. वेळीच ओळखून पिशवी व कोष पूर्णपणे काढल्यास बहुसंख्य स्त्रिया बऱ्या होतात. अमेरिकन प्रशासनाने २०११ साली संबंध संभवतो असे म्हटले. २०१९च्या जुलैपर्यंत जगभरात ५७३ रुग्ण आणि ३३ मृत्यू त्याच्या नोंदीत आले होते. त्या ५७३पैकी ४८१ जणींच्या बाबतीत पिशवी अ‍ॅलरगन कंपनीची होती. तिच्या 'बायोसेल' ह्या खरखरीत पृष्ठभागाच्या पिशव्या त्या महिन्यात जगभरातून परत मागविल्या गेल्या. फ्रान्सने त्याच वर्षी एप्रिलमध्ये अतिखरखरीत आणि पॉलियुरेथेनचा थर असलेल्या पिशव्यांवर बंदी घातली होती. लाखो स्त्रियांच्या मानाने रुग्णांची संख्या लहान आहे, आणि लक्षणे नसताना धास्तीने पिशव्या काढून घ्याव्यात असे प्रशासनाचेही म्हणणे नव्हते. परंतु गुळगुळीत पिशवी, जी जुनाट म्हणून मागे पडत चालली होती, ती ह्यानंतर पुन्हा पुढे आली. कोषसंकोचाचा थोडा अधिक संभव पत्करून ह्या कर्करोगाची चिंता टाळणारा तो सौदा आहे. आज नव्याने निवड करणारीला खरखरीत आवरण सुचविले गेले, तर ते का, हे तिने खोदून विचारावे.

आतापर्यंतचे दोष वस्तूच्या स्वभावातले होते. पी.आय.पी.चे प्रकरण माणसाच्या स्वभावातले आहे. दक्षिण फ्रान्समधील ला सेन-स्युर-मेर येथे ज्याँ-क्लोद मास ह्या माणसाने १९९१ साली ही कंपनी काढली. स्वस्त दरामुळे तिच्या पिशव्या ६५ देशांत गेल्या. त्यांत वैद्यकीय प्रतीच्या गिराऐवजी औद्योगिक प्रतीचा, स्वतः मिसळलेला गीर भरला जात होता. युरोपच्या पद्धतीप्रमाणे एक जर्मन प्रमाणन संस्था कारखान्याची तपासणी करी. पण ती येणार हे आधी कळविले जाई, आणि मधल्या काळात नको ते दडविले जाई, असे तपासात निष्पन्न झाले. अमेरिकेच्या निरीक्षकांनी २००० सालीच, तिच्या सलाइनच्या पिशव्यांच्या संदर्भात, ह्या कारखान्यातील त्रुटींवर लेखी ठपका ठेवला होता. तरी युरोपात विक्री आणखी दहा वर्षे चालली. फ्रेंच शस्त्रवैद्यांच्या फुटण्याविषयीच्या तक्रारी वाढल्यावर २०१०च्या मार्चमध्ये निरीक्षक कारखान्यात गेले आणि बिंग फुटले. २०११च्या डिसेंबरात फ्रेंच शासनाने सुमारे ३०,००० स्त्रियांना पिशव्या काढून घेण्यास सुचविले. मास ह्याला २०१३ साली चार वर्षांची शिक्षा झाली. ब्रिटनमधील तज्ज्ञ समितीने २०१२ साली असा निर्वाळा दिला की ह्या पिशव्या फुटण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आहे, मात्र दीर्घकालीन विषबाधेचा पुरावा नाही. गीर सिलिकोनचा, आवरण सिलिकोनचे, आकार गोल. कागदावर ही पिशवी कोणत्याही चांगल्या पिशवीसारखीच होती. प्रकारांच्या तुलनेची मर्यादा येथे दिसते. प्रकार उत्तम असूनही माल खोटा असू शकतो, आणि तो खोटेपणा शस्त्रवैद्याच्या हाताला लागतोच असे नाही.

ह्या साऱ्या कटकटीपेक्षा आपलेच मांस काय वाईट, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि त्या विचाराला आपल्याकडे जुनी परंपराही आहे. टिपूशी झालेल्या युद्धात नाक गमावलेल्या एका गाडीवानाचे नाक पुण्यात एका कुंभाराने कपाळाच्या त्वचेतून घडविले, आणि ती हकिकत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. युरोपातील आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीला तिने चालना दिली. कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेत पोटाच्या किंवा पाठीच्या ऊतकाचा तुकडा रक्तवाहिन्यांसह वळवून स्तन घडविण्याची पद्धत आज सर्वमान्य आहे. शस्त्रक्रिया लांब, व्रण दोन ठिकाणी. पण जे बसविले ते जिवंत असते, वयाबरोबर वाढते, उतरते, आणि त्याला फुटण्याचे भय नाही. केवळ आकार वाढविण्यासाठी एवढी उलथापालथ कोणी करीत नाही. तेथे चरबी शोषून ती स्तनात टोचण्याचा मार्ग आहे. १९८७ साली अमेरिकेतील प्लॅस्टिक सर्जनांच्या संघटनेने, त्यामुळे कर्करोगाच्या तपासणीत घोटाळा होईल म्हणून, ह्या पद्धतीचा निषेध केला होता; २००९ साली तिने तो पवित्रा सोडला. टोचलेल्या चरबीचा काही भाग शरीर शोषून टाकते, त्यामुळे वाढ माफक मिळते आणि कधी कधी दोनदा टोचावे लागते. चेर्नीची युक्ती अशी शंभरावर वर्षांनी प्रतिष्ठेला चढली.

तरीही पिशवीच निवडायची असेल, तर कोणतीही पिशवी आयुष्यभरासाठी नसते हे धरून चालावे. सौंदर्यासाठी पिशव्या घेणाऱ्यांपैकी वीस टक्क्यांपर्यंत स्त्रियांना त्या आठ-दहा वर्षांत काढाव्या लागतात, असे अमेरिकन प्रशासनाने २०११ साली नमूद केले. पंचविसाव्या वर्षी पहिली शस्त्रक्रिया करणारीने दुसरीची, कदाचित तिसरीचीही, तजवीज मनात ठेवलेली बरी. जिला नियमित तपासण्या करून घेणे शक्य नाही, मग ते खर्चामुळे असो, गाव दूर असल्यामुळे असो, की घरच्यांना पुन्हा पुन्हा कारण सांगावे लागेल म्हणून असो, तिला सलाइनची सुरकुतलेली पिशवी गिराच्या मुलायम पिशवीपेक्षा अधिक प्रामाणिक ठरेल. जिची त्वचा पातळ आहे आणि जी तपासण्या चुकवणार नाही, तिने गुळगुळीत आवरणाची गिराची पिशवी घ्यावी, ह्यात काही गैर नाही. स्तनाच्या क्ष-किरण तपासणीला जाताना पिशवी असल्याचे दोघींनीही आधी सांगावे. ती मागे सारून वेगळ्या कोनातून चित्रे घेता येतात.

राहता राहिला प्रश्न दप्तराचा. ब्रिटनमध्ये १९९३ पासून ह्या पिशव्यांची राष्ट्रीय नोंदवही होती. नाव नोंदविणे ऐच्छिक होते, अनेक स्त्रियांना ते नको होते, आणि २००६ साली ती बंद झाली. चार वर्षांनी पी.आय.पी.चे प्रकरण निघाले, तेव्हा कोणाच्या शरीरात कोणती पिशवी आहे हे शोधण्यासाठी खाजगी दवाखान्यांची कपाटे उघडावी लागली; त्यांतील काही दवाखाने तोवर बंदही झाले होते. २०१६ साली तेथे नवी नोंदवही सुरू झाली. ऑस्ट्रेलिया व नेदरलंड्स ह्यांनी २०१५ साली, अमेरिकेने २०१८ साली आपापल्या नोंदवह्या उघडल्या. भारतात वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ साली झाले आणि १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. त्यांत उपकरणांची जोखमीप्रमाणे चार वर्गांत विभागणी आहे.

प्रत्येक पिशवीच्या खोक्यात चिकटपट्ट्या असतात. त्यांवर उत्पादकाचे नाव, पिशवीचा प्रकार, घनफळ आणि अनुक्रमांक छापलेला असतो. एक पट्टी रुग्णालयाच्या कागदावर लागते आणि दुसरी एका लहानशा कार्डावर लावून स्त्रीच्या हाती द्यावयाची असते. २०१९ साली बायोसेलच्या पिशव्या परत मागविल्या गेल्या, तेव्हा आपली पिशवी त्यांपैकी आहे की नाही हे घरबसल्या सांगू शकणारी वस्तू ह्या कार्डाखेरीज दुसरी नव्हती. कार्ड मिळाले नसेल तर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून ह्या चार गोष्टी लिहून मागाव्यात, आणि तो कागद दागिन्यांच्या पावत्यांसोबत ठेवावा.